पट्टी डावीकडे

२७ सप्टेंबर, शनिवार

एक नंबरच्या खोलीत दोन पार्ट्या! पुण्याचे आले, सामान टाकलं, चहा मागवला — आणि मागून डोंबिवलीवाले बॅगा घेऊन दारात. त्यांचंही बुकिंग एक नंबरचंच. अंगणात तमाशा. डोंबिवलीच्या बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर काय शोभेला ठेवलाय का तुमच्याकडे?" मला इतकं बरं वाटलं!

कारण कॉम्प्युटर केसर बघते. केसर म्हणजे माझी थोरली जाऊ. आठवी पास. मी अलिबागला जाऊन बीकॉम झाले आणि मोरीपाशी बसून कोलंबी सोलते. लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच खुर्चीवर बसलेली होती, एवढंच तिचं शिक्षण. पाहुण्यांना माझी ओळख करून देते — "ही आमची बीकॉम. पापलेट काय साफ करते!" पाहुणे हसतात. मीही हसते. हात दोनदा साबणाने धुतले तरी वास जात नाही, आणि ही वर पावडर लावून "वेलकम, वेलकम".

बुकिंगच्या तक्त्यात चार खोल्यांचे चार रकाने. एक नंबर सगळ्यात डावीकडे. तिथे पुणेकर लाल रंगात लिहिलेले होते — आंधळ्यालाही दिसतील असे. हिला दिसले नाहीत. म्हणे, "तिथं काय नव्हतंच गो." शेवटी डोंबिवलीवाल्यांना शेजारच्या रंगूआत्यांकडे पाठवलं.

आबा (सासरे) काही बोलले नाहीत. म्हणजे बोलणार आहेत.

२९ सप्टेंबर

बोलले! पण आधी प्रणयला बोलावलं. प्रणयचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे, मोबाइलच्या काचाही बसवतो. त्याने मशीन उघडून बघितलं, नाक मुरडलं. "आबा, हे म्हातारं झालं. जुन्या विंडोजचे अपडेट पुढच्या महिन्यात बंद. नवीन यावर चढणार नाही. लिनक्स टाकतो. फुकट आहे." आबांना फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. टाक म्हणाले.

पण लिनक्समध्ये एक भानगड. आतलं मशीन तेच, वरचं रूप आपण निवडायचं — त्याला डेस्कटॉप म्हणतात. एकाच बाईला तीन साड्या नेसवून बघायच्या, तसं. प्रणयने तीन घातले आहेत. ग्नोम, केडीई आणि सिनॅमन. पासवर्ड टाकताना कुठला ते निवडायचं. "वापरून बघा, दिवाळीआधी एक ठरवा. बाकीचे काढतो, मशीन गुदमरतंय."

केसर म्हणाली, "सिनॅमन म्हंजी?" मी म्हटलं, दालचिनी. "मग तीच ठेव की! घरातली हाय, जमंल आपल्याला." प्रणय हसला, आबा हसले. हिला सगळं माफ असतं.

मग आबांनी निकाल दिला. "दोघी शिका. मी दोन सुनांत डावं-उजवं करनार न्हाय. जिला हे जमंल तिच्याकडं लक्ष्मीपूजनाला काउंटरची चावी. दुसरी चुलीपाशी." केसर म्हणाली, "व्हय आबा." अगदी निवांत. तिला वाटतं चावी तिच्या कमरेलाच जन्माला आली.

आता सोडायची नाही.

१ ऑक्टोबर

ग्नोम लावून बघितला. वर एक बारीक काळी पट्टी, बाकी सगळं मोकळं रान. खिडकी खाली घालवायचं बटणच नाही! सगळं बघायचं तर माऊस डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन आपटायचा. मला लगेच आवडला. केसर माऊस नेते तो उजव्या कोपऱ्यात. पुन्हा उजव्या. पुन्हा. "कोपऱ्यात तर नेते, कायच व्हत न्हाय." मी म्हटलं, ताई, डावा कोपरा. "डावाच की गो ह्यो!" 

बाईला डावं-उजवं कळत नाही आणि चार खोल्यांचा कारभार बघते.

२ ऑक्टोबर, दसरा

कॉम्प्युटरची पूजा केसरनेच केली. थोरली ना. झेंडूची माळ स्क्रीनवर घातली तीही उजवीकडे लोंबणारी, हळद-कुंकू उजवीकडे, फूल उजवीकडे. डावी बाजू सुतकात. आबा म्हणाले, "माळ सरळ कर." तिने हात लावला, आणखी उजवीकडे ओढली. "झाली की."

मी कुणाला काही म्हटलं नाही. आत जाऊन हसून आले.

५ ऑक्टोबर, रविवार

आज ताटांचा घोटाळा. गर्दीच्या दिवशी ताटं केसर भरते — पाहुण्यांसमोर मिरवत न्यायची असतात ना. सुरमईची तुकडी, सार, भाकरी, भात, सगळं आलं. पण मीठ नाही, लिंबू नाही, चटणी नाही, कोशिंबीर नाही. पानाची डावी बाजू कोरी! एका ताटात नाही, सगळ्या ताटांत. ठाण्याचे एक आजोबा म्हणाले, "अहो, डावं वाढायचं राहिलं की पानात. श्राद्धालासुद्धा चटणी-कोशिंबीर वाढतात." 

आबांचं तोंड बघण्यासारखं झालं. केसर म्हणाली, "वाढलंय मी!" आणि ताटाकडे बघत राहिली. मी वाट्या घेऊन गेले, सगळ्यांना डावीकडचं वाढलं, गोड बोलले. आजोबा म्हणाले, तुम्ही काउंटरवर का बसत नाही? मी म्हटलं, ताई आहेत ना. डोळे खाली घालून.

नंतर भांडी घासताना मनात आलं — तक्ता डावीकडे. कोपरा डावा. माळ. आता ताट.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

दुपारी पाहुणे नव्हते. केडीई लावला. यात हजार बटणं आहेत, पण एक गोष्ट भारी — खालची पट्टी उचलून कुठेही नेता येते. वर, खाली, या बाजूला, त्या बाजूला. सगळे प्रोग्राम त्या पट्टीवरच.

गंमत म्हणून उजवीकडे ठेवली. केसरला बसवलं. झटझट! बुकिंग टाकलं, बिल काढलं, प्रिंट दिली. माझ्यापेक्षा लवकर. "ह्ये बेस हाय गो!" म्हणाली.

पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात पट्टी डावीकडे नेली. आली, बसली. "पट्टी कुठं गेली?" डावीकडे आहे, ताई. "न्हाय गो." डावीकडे बघ. "डावीकडंच बघतंय ना!" आणि बघत होती स्क्रीनच्या मध्यावर. तिथून डावीकडे काही असतं हेच तिला माहीत नाही असं तिचं तोंड. खूप वेळ बसली. मग म्हणाली, "बिघडलं वाटतं."

मला एकदम कसंतरी झालं. खोटं कशाला लिहू. डोळ्याचंच काहीतरी असणार. चष्मा लागला असेल. सांगावं आबांना?

सांगितलं की काय होईल — भावजी (तिचा नवरा, हरेश्वर) रिक्षा करून अलिबागला नेतील, चष्मा लावून आणतील, आणि चष्मा लावून ही पुन्हा खुर्चीवर. वर मला म्हणेल, बीकॉम, कोलंबी झाली का?

दिवाळी झाली की सांगेन. चष्मा काय, पंधरा दिवसांनी लागला तरी चष्माच.

७ ऑक्टोबर

केडीई. माझं ठरलं.

९ ऑक्टोबर

प्रणय आला. मी कारणं तयार ठेवली होती. केडीईत अक्षरं मोठी होतात, मराठी नीट दिसतं, ग्नोमपेक्षा सोपं आहे, सिनॅमनमध्ये प्रिंटर रुसतो (एकदाच रुसला होता, केबल सैल होती). प्रणय म्हणाला, वहिनी, तुम्ही तर माझं दुकान चालवाल. आबांना पटलं.

केसर म्हणाली, "दालचिनी बरी व्हती." कुणी ऐकलं नाही. मग तिने प्रणयला धरलं — "पट्टी तेवढी खाली ठेव रे बाबा. पयल्यासारखी. मला तिथं घावते." त्याने ठेवली. तिला दाखवली. बाकीचे दोन डेस्कटॉप काढून टाकले, चहा पिऊन गेला.

तो फाटकाबाहेर गेला, केसर कपडे वाळत घालायला गेली. मी पट्टी डावीकडे नेली. 

संध्याकाळी विचारलंच तिने. मी म्हटलं, अपडेट आलं की सरकते आपोआप. लिनक्स आहे ना. "व्हय का," म्हणाली.

१२ ऑक्टोबर

स्वतःहून आली. "रचने, मला शिकव गो." अशी कधी बोलत नाही! टोमणा नाही, बीकॉम नाही. मी खुर्ची ओढली. आबा पडवीत फाटकं जाळं सांधत बसलेले, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शिकवलं. ताई, डावीकडे बघ. नाही, आणखी डावीकडे. मान वळव. हां, आणखी. पुन्हा. आणि पुन्हा. माझा आवाज काय गोड लागला होता! मलाच ओळखू येईना.

तिने एक युक्ती काढली आहे. बोटाने स्क्रीनची कड चाचपत जाते, वरून खाली, मग डावीकडची कड लागली की सगळी वळून बसते आणि एकदम — "घावली!" लहान पोरासारखी खूश. आबा म्हणाले, "बहिणीवानी शिकवते बघ." 

म्हणजे जमायला लागलं की हिला. असं कसं चालेल.

१३ ऑक्टोबर

पट्टी आपोआप लपवायची सोय केडीईत आहे! माऊस अगदी कडेला नेला तरच बाहेर येते. काय काय सोयी करून ठेवल्यात लोकांनी.

१५ ऑक्टोबर

दिवसभर कड चाचपते. काही लागत नाही. पट्टीच नाही तिथे, लागणार काय?

सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला. हा आता रोजचाच प्रकार. खांदा काळानिळा झालाय. भावजी म्हणाले, "न पिता झिंगते ही." सगळे हसले, सगळ्यात जास्त मी. केसरही हसली. मग खांदा चोळत बाहेर गेली, पायात एकच चप्पल. उजवी.

तेवढं बघून हसू थांबलं माझं. पण कुणी पाहिलं नाही.

१७ ऑक्टोबर

जीवनला फोनवर सांगितलं. माझा नवरा मासळीच्या टेम्पोवर, घरी पाहुण्यासारखा येतो. म्हटलं, तुझी वहिनी कामातून गेली आहे, चप्पलसुद्धा एकच घालते. तो म्हणाला, "डॉक्टरला दाखवा की." किती सहज! मी म्हटलं, दिवाळीचे पाहुणे गेले की बघू. "डोकं दुखतं म्हनत व्हती मागं," म्हणाला.

मला नव्हतं माहीत. मला कोण सांगणार?

१९ ऑक्टोबर, रविवार

आज झालं.

आबा समोर स्टुलावर बसले. फोन आला, नाशिकचं कुटुंब, पाडव्याला दोन खोल्या. आबा म्हणाले, "केसर, लिही." ती बसली. कड चाचपली. मान वळवली. माऊस फिरवला — उजवीकडे, वर, उजवीकडे. तिकडे माणूस फोनवर "हॅलो, हॅलो" करतोय. "एक मिंट हां साहेब, एक मिंट." मी बाजूलाच उभी. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम थांबले. आणखी थोडं थांबले. मग हात पुढे करून एका झटक्यात पट्टी काढली आणि बुकिंग लिहिलं.

केसर उठली. रडली नाही. म्हणाली, "बस बाय. तुझंच काम हाय हे. माझं डोकंच चालत न्हाय हल्ली." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तो हात नको होता. भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

चावी मिळाली.

आधी तेच लिहायचं ठरवलं होतं. आबांनी पाटावर ठेवली, हळद-कुंकू लावलं, उचलून माझ्या हातात दिली. "आता तू." इतकी वर्षं! कमरेला खोचली. जड लागली, छान लागली.

तेवढ्यात अंगणातून भावजींची हाक — "अगं, रांगोळी अर्धीच का सोडलीस?" 

सगळे बाहेर. केसरने कमळ काढलं होतं. सुंदर. उजव्या पाकळ्या, रंग भरून, ठिपकासुद्धा चुकला नाही. आणि मधून सुरीने कापावं तसं — डावीकडे काही नाही. नुसती सारवलेली जमीन. 

"पुरी कर ना," भावजी म्हणाले.

"पुरीच हाय की," केसर म्हणाली. आणि आमच्याकडे बघायला लागली. एकेकाच्या तोंडाकडे. आम्ही का गप्प आहोत हे तिला कळेना. मी तिच्या डाव्या हाताला उभी होते, माझ्याकडे तेवढं तिने बघितलं नाही.

रंगूआत्या पणती घेऊन आल्या होत्या, त्यांनी तिला धरून आत नेलं. फटाके नाही वाजवले. उद्या सकाळी अलिबागला नेतील.

२४ ऑक्टोबर

अलिबागच्या डॉक्टरांनी डोळे बघितले आणि म्हणाले, डोळे चांगले आहेत. पनवेलला न्या. पनवेलला मोठ्या मशीनमध्ये घातलं. मेंदूत गाठ. उजव्या बाजूला. म्हणून डावीकडचं जगच तिच्यासाठी उरलं नाही — डोळ्याला दिसतं, डोक्यात पोचत नाही. तिला वाटतं जेवढं दिसतंय तेवढंच आहे. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि मला ते सगळं आधीच पाठ होतं. तक्ता, कोपरा, माळ, ताट.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही? थोडं आधी आला असतात तर गाठ लहान असती. आता खूप जपून काढावी लागेल."

आबा म्हणाले — "हिच्या आलं, बाई. धाकलीच्या. रोज बसून शिकवायची तिला, डावीकडं बघ, मान वळव, डावीकडं बघ."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "अरे वा. तुम्हाला कुणी सांगितलं हे? ऑपरेशननंतर आम्ही हेच करून घेतो. मुद्दाम वस्तू डावीकडे ठेवायच्या, म्हणजे शोधायची सवय लागते." 

भावजींनी माझ्यासमोर हात जोडले. मोठे दीर! माझ्यासमोर! मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "माझं कामच आहे ते." हे मीच म्हटलं. 

२५ ऑक्टोबर

चारही खोल्या भरलेल्या. दिवसभर काउंटरवर. खुर्ची छान आहे. पाहुण्यांनी विचारलं, नेहमीच्या ताई कुठे? ऑपरेशन आहे म्हटलं.

पट्टी अजून डावीकडेच आहे, लपलेली. मला काही अडत नाही. खाली न्यायला दोनदा हात गेला. नेली नाही. नेली तर कुणीतरी विचारेल, का नेली?

२७ ऑक्टोबर, पनवेल

उद्या ऑपरेशन. केसरचं डोकं भादरलंय. लहान दिसते. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, तिला दिसावं म्हणून. तिने आबांना आणि भावजींना चहाला पाठवलं. 

म्हणाली, "प्रणय गेला तवा पट्टी खाली व्हती. मी बघितली व्हती. डावीकडं कुणी नेली गो?"

मी म्हटलं, "अपडेट आलं होतं, ताई."

"व्हय का," म्हणाली. आणि मान वळवली — डावीकडे, मी शिकवली तशी, पार भिंतीपर्यंत — मी नाही त्या बाजूला.